शाळेसमोरचं रेलिंग

कांता गमरे आमदार झाल्या तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या, आणि आमदार झाल्यावरही त्यांना कोणी मॅडम म्हणालं नाही. परळच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. टॅक्सीवाल्यापासून पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मीसुद्धा. मी अजित घाडी, त्यांचा पीए. चौथीत त्यांच्याच वर्गात होतो. कामावर आलो त्या पहिल्या दिवशी मी लिहिलेला कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "अक्षर अजून तसंच आहे की रे."

बाई वाढल्या नायगावच्या बीडीडी चाळीत. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी मुलीला लहानपणीच घटनेतली मूलभूत कर्तव्यं पाठ करायला लावली होती, आणि पुढे बाईंनी ती आम्हाला पाठ करायला लावली. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करणं हे त्यातलं एक. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. बाईंनी मात्र ते फार मनावर घेतलं होतं.

रोज सकाळी साडेसहाला त्या भोईवाड्यातल्या घरून निघायच्या आणि लालबागपर्यंत चालत जाऊन यायच्या. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं, पण त्या चालायच्या ते मोडलेल्या वस्तू टिपून घेण्यासाठी. सिग्नलची केबल कापून नेलेली. बसस्टॉपच्या बाकाची फळी गायब. पादचारी पुलाच्या पायऱ्यांवरच्या लोखंडी पट्ट्या उचकटलेल्या. ऑफिसात आल्यावर ती यादी माझ्यासमोर ठेवायच्या. एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या बाई या एका विषयावर लाल व्हायच्या.

"हे दिवसाढवळ्या चालतं अजित. आणि मुलं बघतात. त्यांना वाटतं, सरकारी वस्तू म्हणजे कोणाचीच नाही. असं वाटलं की मग शाळेच्या बाकावर पण ब्लेड चालवतात."

यातूनच त्यांचं विधेयक तयार झालं. अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर एखाद्या आमदारानं स्वतः मांडलेलं. त्यात दोन गोष्टी होत्या. सार्वजनिक वस्तूंची मोडतोड करणाऱ्याला जास्त शिक्षा, आणि प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास या वस्तू कशा सांभाळायच्या ते शिकवणं. मसुदा त्यांनी आठ वेळा लिहिला. मी आठ वेळा टाइप केला.

विधेयकाला चांगलं उदाहरण हवं होतं. ते त्यांना स्वतःच्याच शाळेसमोर सापडलं.

शाळेपुढच्या रस्त्यावर गेल्या पावसाळ्यानंतर नवीन डिव्हायडर झाला होता आणि त्यावर छातीएवढं उंच, वर टोकं काढलेलं लोखंडी रेलिंग बसवलं होतं. डिसेंबरपासून त्या रेलिंगचा एक तुकडा नाहीसा व्हायला लागला. बरोब्बर शाळेच्या फाटकासमोरचा. नवीन बसवला की चार-आठ दिवसांत परत गायब. चार महिन्यांत सहा वेळा. बाईंनी प्रत्येक वेळी फोटो काढला.

मार्चमध्ये अधिवेशनात त्यांची लक्षवेधी सूचना लागली. विधान भवनात अधिकाऱ्यांसाठीच्या कक्षात बसून मी ऐकत होतो. बाई सहाही फोटो हातात धरून उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, हा चोर शाळेच्या दारात येऊन चोरी करतो. कोणाला घाबरत नाही. हे बघून आमच्या मुलांनी काय शिकायचं, ते मंत्रिमहोदयांनी सांगावं."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मंत्र्यांनी गुन्हा नोंदवायचं आणि आठवड्याभरात चोर पकडायचं आश्वासन दिलं. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत बाईंचा फोटो आला. त्यांनी कात्रणं कापून फाइलला लावली. खूश होत्या. दुपारी मला स्वतःच्या डब्यातली सोलकढी दिली.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून उपनिरीक्षक रश्मी तोरस्कर यांचा फोन आला.

"घाडीसाहेब, बाईंना सांगा, तुमचा चोर सापडला. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात आलाय. पण तुम्ही स्वतः या जरा."

आवाजात आनंद नव्हता. आम्ही गेलो.

ठाण्यातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले होते. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर खाकी कापडाची पिशवी. मी दारातच थांबलो. ते धोंडू मेस्त्री होते. शाळेसमोरच्या चाळीत राहतात, गिरणीत पस्तीस वर्षं फिटर होते, आता अठ्ठ्याहत्तरचे. आमच्या लहानपणी चाळीतल्या कोणाचाही पंखा, मिक्सर, सायकल बिघडली की मेस्त्रीकाका. त्यांची मुलगी चंपा माझ्याच वर्गात होती. पालकसभेला ते गिरणीतून थेट यायचे आणि केसांतला कापूस झटकून मगच वर्गात शिरायचे. बाईंनाही ते आठवत असणार, कारण त्यांनी हातातली पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची सोडून सरळ त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या.

"मेस्त्री, तुम्ही?"

"मीच," काका म्हणाले. "पण बाई, मी काय चोरूक नाय. सोडवून ठेवलंय."

ते खरंच होतं, तोरस्करांनी सांगितलं. सहाही तुकडे काकांच्या चाळीतल्या जिन्याखाली मिळाले होते. गोणपाटात गुंडाळलेले, गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेले. नट-बोल्ट बिस्किटाच्या डब्यात, प्रत्येक तुकड्याचे वेगळे, चिठ्ठी लावून. एक बोल्ट कमी नव्हता.

"एवढं जपून ठेवायचं होतं तर काढलंत कशाला?" बाईंनी विचारलं.

काकांनी पिशवीतून कागद काढले. घाई न करता एकेक सरळ करून मांडीवर ठेवले.

"पन्नास वर्षां थंयसून पोरां रस्तो ओलांडीत. पांढरे पट्टे होते. डिव्हायडर केलो तेव्हा पट्टे गेले. आता सिग्नलपर्यंत जावा आणि परत येवा. पोरां कशाक जातत? चढतत रेलिंगवर. डिसेंबरात शैलाची पोरगी, दीपिका, तिसरीतली. चढली आणि फ्रॉक टोकात अडाकलो. लटकली. बस येत होती." त्यांनी वरचा कागद पुन्हा सरळ केला. "मी गॅलरीत होतो. खाली उतरून धावलो तेव्हा ड्रायव्हरनं बस थांबवली होती. मी तिला काढली. पोटाक ओरखडो होतो एवढो."

त्यांनी बोट आणि अंगठा लांब करून दाखवलं.

"म्हणून तुम्ही रेलिंग काढायला लागलात."

"त्याच्या आधीच अर्ज केला होता, डिव्हायडर झाला तेव्हाच. तीन अर्ज. दोन रस्त्याच्या खात्याला." मराठी शुद्ध करून ते कागदांवर बोट ठेवत सांगू लागले. "त्यांची पोच ही आणि ही. तिसरा अर्ज तुमच्या ऑफिसला. तुमचं उत्तर आलं होतं. हे."

तो कागद मी लांबूनच ओळखला. 'आपला अर्ज प्राप्त झाला. तो पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे.' असं पत्र मी दिवसाला तीसेक काढतो. मजकूर ठरलेला, फक्त नाव आणि तारीख बदलायची. खाली बाईंची सही होती. सह्या त्या संध्याकाळी गठ्ठ्यानं करतात, मी पानं उलटत जातो. मेस्त्रीकाकांचा अर्ज मी वाचला होता का, ते मला आठवेना. वाचला असता तर नाव ओळखलं असतं.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

तोरस्कर मध्ये पडल्या. "बाई, एक मार्ग आहे. वय बघता यांना विस्मरण होतं, चुकून झालं, असं लिहून घेऊ. सामान परत मिळालंच आहे. काका, इथे सही करा."

"माझी याद चांगली आहे," काका म्हणाले. "मी ठरवून काढलं. सहा वेळा. तसंच लिवा."

"काका, केस होईल हो."

"होऊ दे. खोटी सही गिरणीत पण केली नाय."

बाई उठल्या. "तोरस्कर, ते म्हणतात तसंच लिहा. जामिनाला मी राहते." आणि मला म्हणाल्या, "अजित, गाडी परत पाठव. शाळा साडेबाराला सुटते ना अजून?"

आम्ही साडेबाराला शाळेच्या फाटकाशी उभे होतो. सातवा तुकडा आदल्याच दिवशी बसवला होता, रंग ताजा होता. घंटा झाली आणि मुलं बाहेर पडली. मोठी मुलं दप्तर आधी पलीकडे टाकत होती, मग टोकांच्या मध्ये पाय ठेवून उडी मारत होती. लहानांना मोठी वर ढकलत होती. गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या. मी या रस्त्यानं रोज जातो. ही वेळ सोडून.

बाईंनी दोघांना खाली उतरवलं. मुलांनी त्यांना ओळखलं नाही, त्या निवृत्त झाल्यानंतर शाळेत आलेली होती. त्यातलं एक म्हणालं, "आजी, मग जाऊ कुठून?"

तेवढ्यात शैला आली, दीपिकाची आई. जवळच्या हॉस्पिटलात सफाईचं काम करते. दुपारच्या सुट्टीत मुलीला घरी सोडून परत कामावर जाते. बाई तिला म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. सिग्नलवरून जाऊ."

"बाई, तुमचा गुडघा."

"चल गं."

निघालो. फुटपाथवर अर्ध्या वाटेत मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेले, तिथे रस्त्यावर उतरावं लागलं. सिग्नलला हिरवा दिवा इतका थोडा वेळ की बाई मध्येच अडकल्या आणि शैलानं त्यांचा दंड धरून ठेवला. पलीकडून परत तेवढंच अंतर. समोर शाळेचं फाटक दिसत होतं, दहा पावलांवर. आम्हाला एकोणीस मिनिटं लागली होती. शैलाची सुट्टी अर्ध्या तासाची. दीपिका बाईंचं बोट धरून चालली होती. वाटेत तिनं सांगितलं की ती आता चढत नाही, मेस्त्री आजोबा तुकडा काढतात तेव्हा मधून जाते. बसवलेला असला तर आजोबा गॅलरीतून उतरून येतात, हात दाखवून गाड्या थांबवतात आणि तिला उचलून पलीकडे ठेवतात.

"आज नाही आले," ती म्हणाली.

 बाई चाळीच्या पायरीवर बसल्या, गुडघा दोन्ही हातांनी दाबत. मी पाण्याची बाटली आणली.

"बाई, ते पत्र मी काढलं होतं," मी म्हणालो.

"सही कोणाची होती?"

"तुमची."

"मग झालं." त्यांनी दोन घोट घेतले. "तू अर्ज वाचत नाहीस आणि मी पत्र वाचत नाही. दोघांचाही एक-एक तास वाढला आजपासून. रडू नकोस आता, रस्त्यात आहोत आपण."

मी रडत नव्हतो. पण नाक ओढलं असेन.

शुक्रवारी विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव होता. अशासकीय कामकाज शुक्रवारी दुपारी असतं आणि तेव्हा बहुतेक आमदार आपापल्या गावच्या वाटेला लागलेले असतात. सभागृहात पस्तीस-चाळीस जण असतील. त्या सकाळी बाईंनी भाषणाचे कागद माझ्याकडून घेतले नाहीत. मेस्त्रीकाकांना प्रेक्षक गॅलरीचा पास काढून द्यायला सांगितलं होतं. काका तोच पांढरा शर्ट घालून आले होते. दारावर पिशवी तपासली तेव्हा त्यात पाना निघाला. तो तिथेच ठेवून घेतला गेला, त्याचं काकांना फार वाईट वाटलं.

बाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, विधेयकावर बोलण्याआधी एक चूक सांगायची आहे. मागच्या आठवड्यात मी या सभागृहात एका माणसाला चोर म्हटलं. तो माणूस चोर नाही. त्यानं शाळेसमोरचं रेलिंग सहा वेळा सोडवलं, कारण मुलांचा शाळेत जायचा रस्ता त्या रेलिंगनं बंद केला होता. त्यानं आधी तीन अर्ज केले. तिसरा अर्ज माझ्याकडे केला. त्याला मी काय उत्तर पाठवलं ते वाचते."

आणि त्यांनी ते पत्र वाचलं. पूर्ण, जावक क्रमांकासकट. एका बाकावर कोणीतरी हसलं, मग थांबलं. ते पत्र तिथल्या प्रत्येकाच्या ऑफिसातून निघत होतं.

"माझा तो शब्द कामकाजातून काढून टाकावा, अशी विनंती आहे."

अध्यक्षांच्या खुर्चीत त्या दिवशी तालिकेवरचे, म्हणजे अध्यक्ष नसताना कामकाज चालवणारे, एक ज्येष्ठ सदस्य होते. ते म्हणाले, "ताई, असंसदीय शब्द असेल तर काढता येतो. चोर हा शब्द काढायचा म्हटलं तर इथलं निम्मं कामकाज काढावं लागेल."

सभागृह हसलं. बाईही हसल्या.

"मग राहू द्या. त्याच्याखाली आज म्हणते तेही लिहा. मुलांना मी उत्तर खोडू देत नव्हते. चुकलं ते दिसू द्या, शेजारी बरोबर लिहा, असं सांगायचे."

मग त्या वीस मिनिटं बोलल्या. केबल कापणाऱ्याला शिक्षा हवीच, ते कलम त्यांनी सोडलं नाही. पण एक नवीन कलम मांडलं. एकच वस्तू एकाच जागी तीनदा मोडली, तर चौथ्यांदा बसवण्याआधी तिथल्या लोकांना विचारायचं, आणि शेजारी शाळा असेल तर मुलांनाही विचारायचं. "घटनेत मालमत्ता सांभाळायचं कर्तव्य आहे, तसा मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. मी एकतीस वर्षं कर्तव्य पाठ करून घेतलं. हक्क शाळेच्या दाराशी अडकलेला मला दिसला नाही. एका फिटरला दिसला."

मी वर पाहिलं. मेस्त्रीकाका कठड्याला धरून पुढे वाकले होते. शिपायानं येऊन त्यांना मागे सरकून बसायला सांगितलं.

मंत्र्यांनी नेहमीचं उत्तर दिलं: भावना चांगली आहे, सरकार विचार करेल, विधेयक मागे घ्यावं. अशासकीय विधेयकाचं बहुधा असंच होतं. बाईंनी मागे घेतलं, पण आधी मंत्र्यांकडून सभागृहात वदवून घेतलं की पंधरा दिवसांत अधिकारी साडेबाराच्या घंटेला शाळेसमोर उभे राहतील. दहा वाजता नाही, साडेबारालाच.

अधिकारी आले. चौघे होते. बाईंनी त्यांना शैलाबरोबर सिग्नलवरून फिरवून आणलं. ऊन होतं. एकानं वाटेतच फोन काढून कोणाला तरी काहीतरी सांगायला सुरुवात केली.

एप्रिलच्या शेवटी डिव्हायडर फोडून तिथे वाट झाली. पांढरे पट्टे आले, दोन्ही बाजूंना गतिरोधक, आणि शाळा भरताना-सुटताना एक वॉर्डन. कंत्राटदाराची माणसं रेलिंग कापायला गॅस कटर घेऊन आली तेव्हा मेस्त्रीकाका खाली उतरले आणि त्यांना थांबवून म्हणाले, "कापता कशाला? पाच मिनिटं द्या." तेवढ्या वेळात त्यांनी सातवा तुकडा सोडवला आणि बोल्ट त्यांच्या हातात ठेवले.

केस मात्र लगेच मिटली नाही. पावसाळा गेला, गणपती गेले. काकांना तीनदा कोर्टात जावं लागलं. दोनदा मी गेलो बरोबर, एकदा बाई. शेवटी खात्यानंच लिहून दिलं की सर्व सामान सुस्थितीत परत मिळालं, तक्रार नाही. काकांनी निकालाची प्रत मागून घेतली आणि त्या तीन अर्जांच्या पोचपावत्यांबरोबर ठेवून दिली.

विधेयक काही कायदा झालं नाही. बाई पुढच्या अधिवेशनात परत मांडणार आहेत, मी नववा मसुदा टाइप केलाय. पण त्यातला आठवड्याचा एक तास त्यांनी आपल्या शाळेत सुरू केला. मुख्याध्यापिका त्यांच्याच हाताखाली शिकवून मोठ्या झालेल्या, नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. शिकवायला मेस्त्रीकाका.

पहिल्या शनिवारी मी कामाचे कागद घेऊन शाळेत गेलो. पाचवीचा वर्ग. खिडकीचं एक दार काढून टेबलावर आडवं ठेवलं होतं आणि चाळीस मुलं त्याभोवती दाटली होती. काका बिजागरी कशी बसवायची ते दाखवत होते. प्रत्येकाला एकेक स्क्रू फिरवायला मिळत होता. गर्दीत मला बाई दिसल्या. पदर खोचून, चष्मा नाकावर, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्यांचा नंबर आला होता.

त्यांनी तो स्क्रूवर टेकवला आणि जोर लावला. स्क्रू हलेना. परत जोर लावला.

"बाई," काका शांतपणे म्हणाले, "उलटो फिरवतास."

मुलं बाईंकडे बघत होती. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर दुसरीकडे फिरवला, आणि स्क्रू हळूहळू लाकडात जायला लागला.